मागच्या खुर्चीची बाजू

टेक्ससमधल्या मराठी घरांत, मंडळाच्या पंगतीत आणि नातवंडांकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांच्या गप्पांत एक तक्रार आता ठरल्यासारखी ऐकू येते. शाळेच्या ऑर्केस्ट्रात मुलं व्हायोलिन शिकत नाहीत, रांगेत बसायला शिकतात. चाळीस जणांनी गज एकाच दिशेला ओढायचा, बाईंनी हात खाली केला की थांबायचं, दर काही आठवड्यांनी कोण कुठल्या खुर्चीवर बसणार हे ठरवणारी चेअर टेस्ट द्यायची आणि चौथ्या खुर्चीवरून नवव्या खुर्चीवर गेलं की घरी येऊन रडायचं. ऑडिशनची घोकंपट्टी उन्हाळ्यात सुरू होते ती थंडीपर्यंत संपत नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून. त्यापेक्षा पोरीला एखाद्या गुरूंकडे, ऑनलाइन का होईना, यमन शिकू द्या. निदान स्वतःचं काहीतरी वाजवेल.

बोलणारे संगीताशी फटकून राहणारे असते तर सोडून दिलं असतं. पण यातल्या कित्येकांनी सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेपर्यंत मांडी घालून गाणं ऐकलेलं आहे. त्यांच्या कानाबद्दल मला शंका नाही, निष्कर्षाबद्दल आहे. माझा स्वार्थही आधीच सांगून टाकते: आमच्या घरात सेकंड व्हायोलिन वाजवणारं एक पोर आहे, आणि ते पुढच्या रांगेत बसत नाही.

हेच तक्रारदार गणेशोत्सवात मंडळाचं ढोल-ताशा पथक पाहून गहिवरतात. डझनावारी ढोल, एकच ठेका, सगळ्यांचे कुर्ते सारखे, ताशावाल्याच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी एकदम थांबायचं. तिसऱ्या रांगेतल्या ढोलवाल्याचं व्यक्तिमत्त्व कुठे हरवलं, असं तिथे कोणी विचारत नाही. उलट ‘काय एकी आहे!’ म्हणून व्हिडिओ पुण्याला पाठवले जातात. म्हणजे समूहाने वाजवण्याला यांचा विरोध नाहीच. समूह आपल्या ओळखीचा असला की ती शिस्त, आणि अनोळखी असला की तो कवायतीचा तास, एवढाच काय तो फरक.

बरं, आपलं व्हायोलिन तरी एकट्याचं होतं का? वाईत जन्मलेले व्ही. जी. जोग, गायक आणि व्हायोलिनवादक असे दोन्ही असलेले गजाननराव जोशी, डी. के. दातार ही नावं आपण एकलवादनासाठी घेतो, आणि घ्यावीतच. पण दातारांनी द. वि. पलुस्करांच्या गाण्याला साथ केली, जोगांच्या आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या जुगलबंद्या आजही ऐकल्या जातात. साथीला बसलेला व्हायोलिनवादक गवयाची जागा संपायच्या आत ती ओळखतो, आपला आवाज तिच्या खाली ठेवतो आणि गवयाने श्वास घेतला की तेवढीच फट भरतो. हे कसब एकट्याने खोलीत बसून येत नाही. शाळेच्या ऑर्केस्ट्रात सहावीतलं पोर ज्या गोष्टीशी रोज झगडतं ती हीच आहे: माझ्या डाव्या कानाला शेजारी काय वाजवतोय, उजव्या कानाला चेलो कुठे पोहोचलेत, आणि माझा सूर यांच्यात मिसळतोय की वर तरंगतोय. पद्धत वेगळी, नोटेशन वेगळं, घराणं तर फारच वेगळं. पण हा ऐकण्याचा रियाज आहे, आणि तो एकलवादनाच्या क्लासमध्ये सहसा मिळत नाही. तिथे ऐकायला फक्त तानपुऱ्याचं ॲप असतं.

मागच्या खुर्चीवरचं पोर फुकट जातं, या समजुतीला तर मी गुस्ताव होल्स्टकडे पाठवीन. ‘द प्लॅनेट्स’वाला होल्स्ट. हा माणूस 1905पासून 1934मध्ये वारला तोपर्यंत लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीत शिकवत होता. शाळेने नव्या इमारतीत त्याला आवाज बाहेर न जाणारी खोली दिली. तिथे शनिवार-रविवारी बसून तो लिहायचा. त्या शाळेच्या मुलींसाठी त्याने 1912-13च्या सुमारास एक रचना केली, ती ‘सेंट पॉल्स स्वीट’. आज जगभरातल्या शाळांच्या ऑर्केस्ट्रात ती वाजते. तिच्या दुसऱ्या भागाचं नाव ऑस्टिनाटो. सुरुवातीलाच सेकंड व्हायोलिनं एक छोटीशी स्वराकृती धरतात आणि भाग संपेपर्यंत ती चालूच राहते. लय प्रेस्टो, म्हणजे दम खायला उसंत नाही. वरच्या सुरावटी येतात, जातात, टाळ्या घेतात. सेकंड व्हायोलिनं किंचित जरी रेंगाळली तरी वरची सगळी नक्षी कोसळते. एवढ्या मोठ्या संगीतकाराने शाळकरी मुलींसाठी लिहिताना अख्ख्या भागाचा भार दुय्यम समजल्या जाणाऱ्यांच्या हातात दिला. त्याला सेकंड व्हायोलिन म्हणजे नापास झालेली फर्स्ट व्हायोलिन वाटत नव्हती. आपल्याला का वाटावी?

तक्रारदारांना हे परदेशी उदाहरण पटणार नाही, हे मला माहीत आहे. मग गोव्यात चला. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून गोव्याच्या गावोगावच्या मुलांना नोटेशन वाचायला, कॉयरमध्ये गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जाई. त्या शाळांतून तयार झालेली मुलं पुढे मुंबईत आली आणि हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत बसली. अरेंजरने कागद वाटायचे, वादकांनी ते बघताक्षणी वाजवायचे, त्याच दिवशी रेकॉर्डिंग. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927-2012) हे त्या परंपरेतलं मोठं नाव. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं, आणि 1958मध्ये राग आणि सिंफनी यांना एकत्र आणणारा ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ मुंबईत उभा केला. ‘अमर अकबर अँथनी’मधलं ते प्रसिद्ध नाव प्यारेलालांच्या या गुरूचं आहे. पण मला इथे गुरूंपेक्षा त्यांच्या मागे बसलेल्यांची आठवण करून द्यायची आहे. पन्नास-साठच्या दशकांतल्या गाण्यांचे जे इंटरल्यूड ऐकून आजोबा डोळे मिटतात, ते अशाच सेकंड व्हायोलिनांनी वाजवलेले आहेत. रेकॉर्डच्या लेबलवर त्यांची नावं नव्हती. ‘स्वतःचं काहीतरी’ वाजवायचं म्हणून ते अडून बसले असते तर आपल्या बऱ्याच आठवणी मुक्या राहिल्या असत्या.

या परंपरेला शाळांचा आधार उरला नाही की काय होतं, तेही मुंबईतच दिसतं. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये 2006मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. उत्तम सभागृह, चांगले कंडक्टर, जाणकार श्रोते, सगळं आहे. पण वादक मोठ्या संख्येने बाहेरून, विशेषतः कझाकस्तानातून, आणावे लागले. पुढे ऑर्केस्ट्रानेच मुलांसाठी अकादमी काढली. कोट्यवधी वस्तीच्या शहरात व्हायोलिनची एक पूर्ण फळी तिथल्या तिथे उभी राहत नाही, कारण तिथल्या शाळांत पाचवी-सहावीच्या वेळापत्रकात तंतुवाद्यांचा तास नाही. टेक्ससच्या कितीतरी सरकारी शाळांत तो आहे, रोज आहे आणि त्याचं क्रेडिट मिळतं. ज्या गोष्टीसाठी मुंबईला विमानाची तिकिटं काढावी लागली ती इथे शाळेच्या पिवळ्या बसने घरी येते, आणि आपण नाक मुरडतो.

आता ऑडिशनकडे येते, कारण खरा राग तिच्यावर आहे.

टेक्सस म्युझिक एज्युकेटर्स असोसिएशन दरवर्षी उन्हाळ्यात ऑल-स्टेटच्या, म्हणजे राज्यभरातून निवडलेल्या मुलांच्या ऑर्केस्ट्राच्या, ऑडिशनसाठी एट्यूड (सरावाच्या रचना) आणि ऑर्केस्ट्रातले उतारे जाहीर करते. राज्यभरातली मुलं तेच काही पानांचं संगीत महिनोन्महिने घोटतात. शरद ऋतूत रीजनची ऑडिशन. तिथून पुढे सरकलं तर ऑल-स्टेट, आणि फेब्रुवारीत सॅन अँटोनियोच्या अधिवेशनात कॉन्सर्ट. ऑडिशनच्या दिवशी कुठल्यातरी शाळेच्या कॅफेटेरियात शेकडो मुलं एकमेकांना न ऐकण्याचा प्रयत्न करत एकच उतारा वाजवत बसतात. तो गोंगाट ऐकवत नाही, हे मान्य. मग मुलाला नावाऐवजी नंबर मिळतो. खोलीत पडदा असतो, पडद्याआड परीक्षक. मुलाने तोंड उघडायचं नाही. काही विचारायचं असेल तर सोबतच्या मॉनिटरच्या कानात सांगायचं, तो परीक्षकांना विचारेल. काही मिनिटांत सगळं संपतं.

‘काही मिनिटांत मुलाची वर्षाची मेहनत मोजणार?’ असं विचारणारे बहुतेक जण बारावीच्या तीन तासांच्या पेपरवर आणि इंजिनीअरिंगच्या प्रवेशावर आयुष्य लावून इथे पोचलेले असतात. तो पेपर आयुष्यात एकदाच होता. नापास झालेल्याला गल्लीत तोंड दाखवायची चोरी. इथे चेअर टेस्ट पुन्हा काही आठवड्यांनी असते. नवव्या खुर्चीवर गेलेली मुलगी रडते, शनिवारी पुन्हा व्हायोलिन काढते आणि पुढच्या टेस्टला सहाव्या खुर्चीवर येते, किंवा येत नाही. त्या दिवशी आपण कसं वाजवलं आणि आपण कोण आहोत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला तेराव्या वर्षी कळतं. माझ्या पिढीतल्या कितीतरी अभियंत्यांना ते पन्नाशीतही कळलेलं नाही.

घोकंपट्टीचा आरोप तर मला विनोदी वाटतो. गुरूंनी सहा महिने एकच पलटा घोटून घेतला की तो रियाज. क्रॉइट्झरच्या बेचाळीस एट्यूडांपैकी एक उन्हाळाभर मेट्रोनोम लावून घोटला की ती घोकंपट्टी! दोन्हींत बोटांना तेच सोसावं लागतं. आणि घोकून निभावणार नाही अशी परीक्षाही इथेच आहे. युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीगच्या स्पर्धेत स्टेजवरचे तयार तुकडे वाजवून झाले की अख्ख्या ऑर्केस्ट्राला दुसऱ्या खोलीत नेतात आणि कधीही न पाहिलेलं संगीत पुढे ठेवतात. शिक्षकाला समजावून सांगायला मोजकी मिनिटं मिळतात. त्या वेळात गज तारेला लावायचा नाही. मग वाजवायचं. त्या क्षणी मागच्या रांगेतला पोरगा हरवला तर पुढच्या रांगेतला हिरोही त्याच्यासोबत हरवतो. आणि तिथे शाळाशाळांत पहिला-दुसरा नंबर लागत नाही. 1 ते 5 अशी श्रेणी मिळते. सगळ्यांनी चांगलं वाजवलं तर सगळ्यांना 1. स्पर्धेची एवढी सभ्य पद्धत मी आपल्या आंतरशालेय नाट्यस्पर्धांतही पाहिलेली नाही.

क्रूर ऑडिशन असतातच. मिशिगनमधल्या इंटरलॉकनच्या प्रसिद्ध संगीत शिबिरात दर आठवड्याला ‘चॅलेंज’ होत. मागच्या खुर्चीवरचा पुढच्याला आव्हान देई, दोघं तोच उतारा वाजवत, आणि विभागातली मुलंच मत देऊन खुर्च्या बदलत. ज्याच्याशी आठ दिवस एका स्टँडवर पान उलटलं त्याच्याच विरोधात हात वर करायचा. असल्या पद्धतीवर कोणी लिहिलं तर मी सही करीन. पण पडदा आणि मित्रांचं मतदान या दोन गोष्टी एका पिशवीत घालून ‘ऑडिशन वाईट’ म्हणणं हा आळस झाला.

पडद्यावरचा सुशिक्षित हल्ला वेगळ्याच बाजूने येतो. जुलै 2020मध्ये न्यू यॉर्क टाइम्सचे संगीतसमीक्षक अँथनी टोमासिनी यांनी लिहिलं की मोठ्या ऑर्केस्ट्रांनी पडद्याआडच्या ऑडिशन बंद कराव्यात. वरच्या पातळीवर सगळेच उमेदवार जवळपास सारखे तयार असतात. तेव्हा ऑर्केस्ट्रात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वादक दिसावेत म्हणून वादक कोण आहे हे बघूनच निवड व्हावी, असा त्यांचा रोख. हेतूबद्दल मला आदर आहे. उपाय चुकीचा आहे, आणि शाळेच्या पातळीवर तर धोक्याचा. 1970 साली अमेरिकेच्या पहिल्या पाच ऑर्केस्ट्रांत बायका पाच टक्क्यांहूनही कमी होत्या. 1997पर्यंत त्या पंचवीस टक्क्यांवर गेल्या. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउज यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या बदलाचं बरंच श्रेय पडद्याला दिलं. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे टीका झाली, पडद्याचा वाटा नेमका किती यावर वाद आहे, आणि तो असू द्यावा. पण पडदा नव्हता तेव्हा कोणाला कसं निवडत होते, यावर वाद नाही. स्टेजवर गालिचा घालत म्हणे, टाचांचा आवाज ऐकून आत बाई आहे हे कळू नये म्हणून! आमच्या रीजनमध्ये पडदा काढला तर फायदा कोणाचा होईल? ज्या मुलाचे शिक्षक परीक्षकांच्या ओळखीचे आहेत त्याचा. पडद्यामागे आडनाव नसतं, शाळेचं नाव नसतं, बाबा कुठल्या तेलकंपनीत आहेत हे नसतं.

टोमासिनींच्या लेखात खरं बोट ठेवण्यासारखी जागा पडद्याच्या पलीकडे नाही, अलीकडे आहे: पडद्यापर्यंत पोहोचतं कोण? त्याकडे मी शेवटी येते.

आधी कॉलेजच्या अर्जातली ओळ. ती लिहिणारे आईबाप आहेत, मी त्यांना ओळखते, कधीकधी आरशातही पाहते. अकरावीपर्यंत ऑर्केस्ट्रा आणि अर्ज गेला की व्हायोलिन कपाटात, अशी घरं आहेत. पण तो गुन्हा घराचा. ऑर्केस्ट्राच्या बाईंनी कोणाला तसं शिकवलेलं नाही. याच राज्यात 1984पासून कायदा आहे की एखाद्या विषयात सत्तरच्या खाली गुण पडले तर साधारणपणे मुलाला स्पर्धेत किंवा कार्यक्रमात भाग घेता येत नाही. म्हणजे व्हायोलिन अभ्यासाच्या आड येतं ही भीतीही फोल. अभ्यास व्हायोलिनच्या आड येतो, असं म्हणणारी मुलं मात्र मला भेटली आहेत.

तक्रारदारांपैकी एकानेही जो आरोप केला नाही तोच खरा आहे, म्हणून तो मीच करते. शाळेच्या ऑर्केस्ट्रात पुढच्या खुर्च्यांवर बहुतेक खासगी शिकवणी असलेली मुलं बसतात. शाळेचा तास सगळ्यांना सारखा; पण मनगट कुठे सैल सोडायचं, तिसऱ्या पोझिशनला अंगठा कसा सरकतो, हे पंचेचाळीस मुलांच्या वर्गात एका बाईंना प्रत्येकाला दाखवता येत नाही. काही डिस्ट्रिक्टांत खासगी शिक्षक शाळेतच येतात, पण फी घेऊन. चेलो आणि डबल बास शाळा पुष्कळदा वापरायला देते. व्हायोलिन मात्र घरच्यांनी भाड्याने किंवा विकत आणायचं. ज्याच्या आईची दुसरी शिफ्ट सुरू असते त्याचं व्हायोलिन तुटलेल्या शोल्डर रेस्टवर चालतं, तार तुटली तर आठवडाभर तीनच तारांवर. पडदा पडला की हा फरक परीक्षकांना दिसत नाही, फक्त ऐकू येतो. आणि तो ऐकून ते प्रामाणिकपणे कमी गुण देतात. पडदा खोटं बोलत नाही, पण पडद्याअलीकडे झालेला अन्याय तो भरून काढू शकत नाही. ते काम मोठ्या माणसांचं आहे.

आपण ते कसं करतो, बघा. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात प्रत्येक मुलाला चार मिनिटं. एकामागून एक यमन, भूप, दुर्गा, मग टाळ्या आणि आईबापांचे फोन वर. शाळेच्या ऑर्केस्ट्रात शेजारी बसणारी चार मराठी मुलं मिळून चौकडी वाजवतो म्हणाली, तर ‘एवढा वेळ नाही’ असं उत्तर मिळाल्याचं मी स्वतः ऐकलंय. एकट्याला वेळ आहे, चौघांना मिळून नाही. ‘शाळा मुलांना रांगेत बसवते’ म्हणणाऱ्यांनी या रांगेकडेही बघावं.

आमच्या मंडळाला दोन सूचना आहेत. दिवाळीच्या कार्यक्रमात निदान एक जागा मुलांनी मिळून वाजवण्यासाठी राखून ठेवावी. मग ते हंसध्वनी वाजवोत की होल्स्ट, अडवू नये. आणि ढोलांची पानं बदलायला दरवर्षी जशी वर्गणी निघते तशीच एक छोटी वर्गणी काढून जवळच्या शाळेच्या ऑर्केस्ट्रा शिक्षिकेच्या हवाली करावी: तारा, शोल्डर रेस्ट आणि शिकवणी न परवडणाऱ्या मुलांची फी यांसाठी. मुलं मराठी असावीत अशी अट घालू नये, आणि पैसे कोणी दिले हे मुलांना कळू देऊ नये. पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत मी हे ठराव म्हणून मांडते आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो लेखी पाठवावा; पंगतीत तोंडी नको.